वसाहतवादाचा सराव

सत्ता या विषयावर मी कोणाशीही, कुठंही, अगदी भाजी निवडता निवडता बोलू शकते, अशी माझी मागच्या दिवाळीपर्यंत पक्की खात्री होती.

त्याला कारणही होतं. मुलगी मिनल नोकरीसाठी पुण्याला गेली, घर खायला उठलं आणि मी सेहेचाळिसाव्या वर्षी एम्‌ए मराठीला नाव घातलं. पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी काढलं. आमच्या श्रमदीप कामगार वसाहतीत या वयात कॉलेजात जाणारी मी एकटीच. वसाहतीतले बहुतेक लोक हिंगण्याच्या कारखान्यांत कामाला. सकाळी माणसं कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असायची आणि त्यांच्यामधून मी पाठीला मिनलची जुनी सॅक लावून स्कूटीवर निघायची. सगळे वळून पाहायचे. आदरानं पाहतात, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या वर्षाला एक पेपर आला. 'वसाहतोत्तर सिद्धांत आणि साहित्यातील सत्ता'.

तो शिकवायला रितिका मॅडम होत्या. माझ्या मिनलपेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठ्या. बोलायला फार गोड. पहिल्याच तासाला म्हणाल्या, "सत्ता डोळ्यांना दिसत नाही, तिथंच ती जास्त असते." पुढच्या तासाला म्हणाल्या, "परीघ हा केंद्रानंच आखलेला असतो." मग 'संकरितता' आली, तिच्या मागून 'अन्यत्व' आलं. मी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. वर्गातली पोरंही डोलवत होती, म्हणून मला वाटायचं की यांना सगळं समजतंय. माझ्याकडे पाहून त्यांनाही बहुतेक तसंच वाटत असावं.

इथपर्यंत ठीक होतं. मग मॅडमनी प्रत्येकाला सेमिनार दिला. सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं, आणि इंटर्नलचे मार्क त्यावरच. माझ्या वाट्याला आलं 'वसाहतवाद आणि सत्तेची रूपं'.

आता घरात मी भरपूर बोलते, पण चार लोकांसमोर उभं राहून बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. नवरा म्हणाला, "आरशासमोर बोलून पाह्य." सुशील कारखान्यात सुपरवायझर आहे, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर एक उपाय तयार असतो. मी आरशासमोर उभी राहिले. केंद्र, परीघ करत होते तेवढ्यात माझ्या सासूबाई, तुळसाबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कोनासंग बोलून राहिली वं?"

"आई, मले कॉलेजात वसाहतवादावर बोलायचं आहे. चार बायका ऐकायले बसल्या असत्या तर सराव झाला असता."

आईंचा चेहरा असा उजळला, की तसा तो लग्नाच्या दिवशीही माझ्याकडे पाहून उजळला नव्हता.

"कोनी तरी बोलाले पाहिजेच होतं," त्या म्हणाल्या. "शिकलेली सून आहे, तू नाही बोलशीन तं कोन बोलीन? मी आनतो बायकांले."

इथं एक सांगायला हवं. आमच्या वसाहतीत तेव्हा एक वाद चालू होता. वसाहतीची स्वतःची बोअरवेल आहे, टाकी आहे. घरांच्या दोन ओळी, रस्त्याकडची पुढची लाइन आणि नाल्याकडची मागची लाइन. टाकीचे वॉल, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, उघडायची लांब लोखंडी चावी अध्यक्ष बाबाराव यांच्याकडे. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, वसाहत झाली तेव्हापासून तेच अध्यक्ष. पुढच्या लाइनला नळ धो धो यायचा आणि मागच्या लाइनला करंगळीएवढी धार. मागची लाइन म्हणायची, बाबाराव मुद्दाम करतात. आमचं घर पुढच्या लाइनीत. त्यामुळं खरं सांगायचं तर या वादाबद्दल मला फारसं काही माहीत नव्हतं.

आईंना मात्र सगळं माहीत होतं. शिवाय बाबाराव त्यांचे मानलेले भाऊ, दरवर्षी राखी बांधायच्या. भावाची आणि मागच्या लाइनची भांडणं ऐकून त्या कंटाळल्या होत्या. त्यांनी 'वसाहतवाद' ऐकला तो 'वसाहतीचा वाद' असा. सून शिकलेली आहे, दोन शब्द बोलेल, वाद मिटवेल, असा त्यांचा हिशेब. त्या दुपारी भजनाला गेल्या आणि सांगून आल्या, "माही हर्षा वसाहतीच्या वादावर एम्‌ए करून राहिली. शनिवारी बोलनार आहे. या सगळ्या."

शनिवारी मंदिराच्या सभामंडपात मी पोचले तर बसायला जागा नव्हती. मागची लाइन पूर्ण आली होती. सगळ्यांत पुढं सिंधूताई, हाताची घडी घालून. सिंधूताई म्हणजे मागच्या लाइनचा आवाज. तो आवाज आमच्या लाइनलाही रोज ऐकू येतो. माझा ऊर भरून आला. सिद्धांताबद्दल इतकी आस्था विद्यापीठातसुद्धा मी पाहिली नव्हती.

मी घसा साफ केला, इंग्रजांचा उल्लेख असलेली छोटी प्रस्तावना वाचली आणि मुद्द्यावर आले.

"वसाहतीत दोन प्रकारचे लोक असतात. सत्ता असलेले आणि सत्ता नसलेले."

"बरोबर आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"केंद्रात बसलेला माणूस सगळी साधनं आपल्या ताब्यात ठेवतो. परिघावरच्या लोकांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं."

"परीघ म्हन्जे?" सिंधूताईंनी विचारलं.

"म्हणजे कडेला पडलेले. मागे राहिलेले लोक."

"मागची लाइन," सिंधूताईंनी वळून बाकीच्यांना समजावलं. मला वाटलं, किती सोपं उदाहरण दिलं बाईंनी, सेमिनारमध्ये घालावं.

"आणि तो सतत सांगतो, की मी हे तुमच्या भल्यासाठीच करतो. तुम्हाला हे सांभाळता येणार नाही. तुमच्या हातात दिलं तर तुम्ही मोडून टाकाल."

सिंधूताईंच्या हाताची घडी सुटली.

"हर्षाबाई," सिंधूताई हळूच म्हणाल्या, "हे तुमाले कोनं सांगतलं?"

"पुस्तकातच आहे."

"पुस्तकात गेलं का हे?" त्यांनी शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनं तोंडावर पदर धरला.

"मंग काय करा लागते?" आणखी एकीनं विचारलं.

माझ्या कागदावर पुढचा मुद्दा तोच होता. मी म्हणाले, "प्रतिकार. वसाहतीतल्या लोकांनी आपला आवाज परत मिळवायचा असतो. त्याशिवाय वसाहत सुटत नाही."

टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या पडल्या. माझी अजून दोन पानं बाकी होती, संकरितता तर आलीच नव्हती, पण बायका उठल्या आणि भराभर निघून गेल्या. मी आईंना म्हटलं, "आवडलं वाटते त्यांले." आई जागच्या जागी बसून राहिल्या होत्या.

संध्याकाळी सुशील ड्यूटीवरून आला तो चपला न काढताच स्वयंपाकघरात.

"तू काय करून आली?"

"काहून?"

"बाबाराव मामाच्या घरासमोर बायका बादल्या वाजवून राहिल्या. तुहं नाव घेऊन राहिल्या. हर्षाबाईनं सांगतलं म्हन्ते, बाबाराव इंग्रज आहे."

मी इंग्रज हा शब्द फार तर एकदा वापरला होता, तोही प्रस्तावनेत. मी तसं सांगितलं. सुशीलनं कपाळाला हात लावला. आतल्या खोलीतून आईंचा आवाज आला, "इतके वर्षं राखी बांधत आली मी त्याले. आता कोनतं तोंड घेऊन जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाराव स्वतःच आले. मी त्यांना मामाजी म्हणते. अंगणातल्या खुर्चीवर बसले. चहा विचारला तर नको म्हणाले. मामाजींनी आमच्या घरी चहाला नाही म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"पोरी, एक सांग," ते म्हणाले. "मी इंग्रज आहो का?"

"नाही मामाजी."

"माहा आजा औत हाकत होता. माह्या बापानं मले सायकलवर बसवून शाळेत नेलं. मी इंग्रज कसा झालो?"

"मामाजी, ते तुमच्याबद्दल नव्हतं. तो सिद्धांत आहे."

"मंग तो कोनाबद्दल आहे?"

सिद्धांत नक्की कोणाबद्दल असतो, हे मॅडमनी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी तेव्हा मान डोलवत असेन. मी विषय बदलायचा म्हणून म्हटलं, "तसं त्यात संकरितताही आहे मामाजी. दोन्हीकडचं मिसळून..."

"संकरित मले समजते. आमच्या वावरात संकरित ज्वारी पेरत होते. भाकर चांगली नाही होत तिची." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "मले एवढंच सांगायचं आहे, चावी मी माह्याकडे ठेवतो ते तुमच्या भल्यासाठी. त्या मागच्या लाइनच्या हातात देली तं मोडून टाकतीन ते."

मी चमकले. अक्षर न् अक्षर तेच वाक्य. इतके दिवस नुसता पाठ केलेला सिद्धांत माझ्या अंगणात, माझ्या खुर्चीवर बसून बोलत होता. आनंदाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "मामाजी, हे अस्संच पेपरात आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "कोनत्या पेपरात?"

"आमच्या पेपरात. पूर्ण प्रकरण आहे त्याच्यावर."

"माह्यावर?"

"तुमच्यावर म्हणजे, अशा वागण्यावर."

"सगळे वाचते का तो?"

"वाचावाच लागतो. अख्खं विद्यापीठ वाचते."

बाबाराव उठून उभे राहिले. खुर्चीचा हात धरून त्यांनी विचारलं, "फोटो आहे का?"

मी गोंधळले. पुस्तक डोळ्यांसमोर आणून पाहिलं. "फोटो नाही," मी म्हणाले.

"बरं आहे," असं काहीतरी पुटपुटून ते गेले. दुपारी वसाहतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा निरोप आला. इतकी वर्षं सरकारी खात्यात काढल्यामुळं बाबाराव बोलतात आमच्यासारखं, पण लिहितात सरकारी. 'वैयक्तिक कारणास्तव मी अध्यक्षपदाचा राजीनामा देत आहे. सदर बाबीची वृत्तपत्रांनी नोंद घेऊ नये, ही विनंती.' मी तो निरोप वाचला, परत वाचला. कुठली वृत्तपत्रं, मला काही केल्या समजेना. वसाहतीत कोणालाच समजेना. मागच्या लाइननं मात्र पेढे वाटले.

मग बैठक भरली. चावी कोणाकडे द्यायची? पुढच्या लाइनचा मागच्या लाइनवर भरवसा नाही, मागच्याचा पुढच्यावर नाही. शेवटी सिंधूताई उठल्या. "जिनं हा वाद समजावून सांगतला, तिनंच चावी घ्यावी." पुढच्या लाइननं पाहिलं, आपल्याच लाइनची आहे, तुळसाबाईची सून आहे. एकमत झालं: चावीही माझी, अध्यक्षपदही माझं. मी म्हणत होते, माझा सेमिनार आहे. एका काकांनी समजूत काढली, "सेमिनार झाल्यावर या ना, आम्ही थांबतो." आणि ती चावी माझ्या मांडीवर आणून ठेवली. भलतीच जड होती.

घरी आल्यावर सुशील म्हणाला, "तू एम्‌ए करून राहिली का इलेक्शन लढून राहिली, तेवढं सांगून ठेव." आई तर माझ्याशी बोलतच नव्हत्या. जेवायला वाढ, म्हणून सुशीलकडून निरोप पाठवत होत्या, मी समोर बसलेली असताना.

पहिल्या दिवशी सकाळी मी टाकीजवळ गेले आणि मागच्या लाइनचा वॉल पूर्ण उघडला. फोन वाजला. सिंधूताई.

"हर्षाबाई, सोडा ना पानी."

"सोडलं ताई."

"नाही आलं. तेवढंच येऊन राहिलं, करंगळीएवढं."

मी चावी फिरवून पाहिली. फिरायला जागाच नव्हती. म्हटलं, पुढची लाइन बंद करून पाहावं. बंद केली. मागच्या लाइनला अंगठ्याएवढी धार झाली आणि पुढच्या लाइनला हलकल्लोळ. फोनवर आई होत्या, बोलणं बंद असल्याचं विसरून. "हर्षा, माह्या डोक्याले शिकेकाई लावली आहे वं. पानी काहून बंद केलं?"

दोन-तीन दिवसांत मागच्या लाइनवर माझ्याबद्दल बोलणं सुरू झालं. शेवटी पुढच्या लाइनचीच ना ती. पुढची लाइन म्हणे, हिला घरच्यांची पर्वा नाही. दळण आणायला गेले तर एक बाई दुसरीला सांगत होती, "यापेक्षा बाबाराव बरा होता." मी पीठ न घेताच घरी आले. खोटं नाही सांगत, रडू आलं. मला सत्ता नको होती, मला इंटर्नलचे मार्क हवे होते.

न राहवून मी बाबारावांकडे गेले. ते वर्तमानपत्रांच्या ढिगात बसले होते. शहरात निघणारे सगळे पेपर समोर, चष्मा नाकावर.

"अजून नाही आलं," ते म्हणाले.

"काय मामाजी?"

"माहं प्रकरन."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खाली बसले आणि सांगितलं, की पेपर म्हणजे परीक्षेचा पेपर. शंभर मार्कांचा. त्यात मामाजींचं नाव नाही, गाव नाही, वसाहतही आमची नाही. ती दुसरीच, देशच्या देश असलेली वसाहत. मामाजींनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी केली.

"म्हन्जे मी राजीनामा फुकटच देला?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता चिडतील. पण त्यांचे डोळे ओले झाले होते. "चार दिवस मी घराच्या बाहेर नाही निघालो," ते म्हणाले. "दूधही शेजारच्यानं आनून देलं."

मी त्यांचे पाय धरले. मग भीत भीत विचारलं, "मामाजी, तुम्ही मागच्या लाइनचा वॉल किती खोलत होते?"

"पूर्ण. सगळ्यात आधी तोच खोलत होतो."

"मग पाणी काहून नव्हतं जात?"

"मले काय माहीत?"

"मग तसं सांगायचं होतं ना त्यांले. इतके वर्षं शिव्या काहून खाल्ल्या?"

बाबाराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "अध्यक्षालेच कारन माहीत नाही म्हटलं, तं तो अध्यक्ष कायचा?"

हे पेपरात होतं की नाही, मला आठवेना.

मी रुपराव प्लंबरला बोलावलं. त्यानं टाकीजवळ खोदलं आणि हसायलाच लागला. मागच्या लाइनला जोडलेला पाइप पुढच्यापेक्षा निम्म्यानं बारीक होता. बांधणाऱ्यानंच तसा टाकलेला. इतकी वर्षं लोक वरती चावीसाठी भांडत होते आणि पाणी खाली मातीत अडून बसलं होतं. दोन्ही लाइनींना आणून मी तो पाइप दाखवला. सिंधूताई त्याच्यात बोट घालून बघत राहिल्या. मग कोणाकडेही न पाहता म्हणाल्या, "बाबारावभाऊले बोलवा. त्यायलेही दाखवा."

बाबाराव आले, पाहिलं आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यांचा हुरूप परत आला. पद नव्हतं, म्हणून ते विरोधी पक्षात गेले. रोज सकाळी ग्रुपवर त्यांचा सरकारी निरोप: 'नवीन पाइपलाइनच्या कामाचे साहित्य आले काय? अध्यक्षांनी खुलासा करावा.' त्याखाली मागची लाइन: 'साहित्य कुठे आहे?' त्याखाली पुढची लाइन, कारण खोदल्यामुळं त्यांचंही पाणी बंद: 'साहित्य कुठे आहे???' इतवारी बाजारातल्या दुकानदारानं नवे पाइप आज पाठवतो, उद्या पाठवतो करत नेमका सेमिनारच्या दिवशी टेम्पो भरला.

त्या दिवशी मी वर्गात उभी राहिले तेव्हा पदराला माती लागली होती. पर्समध्ये फोन थरथरत होता. घराबाहेर पडल्यापासून मी त्या एकाच प्रश्नाला उत्तरं देत आले होते, सिग्नलवर थांबून, जिन्यात थांबून. पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं आणि दुसरं आठवेना. पोरं बघायला लागली. मग मी कागद खाली ठेवला आणि जे झालं ते सांगत सुटले. मागची लाइन, चावी, मामाजी, शिकेकाई, सगळं. पोरं हसली, मग हसायची थांबली. जमिनीतल्या बारीक पाइपापाशी आले तेव्हा मला क्षणभर असं वाटलं, की सत्ता म्हणजे काय ते आपल्याला समजलं आहे. अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पर्स परत थरथरली आणि ते गेलं ते गेलंच.

रितिका मॅडम पेन खाली ठेवून ऐकत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "हर्षाताई, फार छान. केंद्र आलं, परीघ आला, सत्ता तर आलीच. फक्त एक विचारते. आपला हा पेपर साहित्याचा आहे. तर या सगळ्यात साहित्य कुठे आहे?"

"टेम्पोत आहे मॅडम," मी म्हणाले. "इतवारीतून निघालं आहे, तासाभरात पोचेल."

मॅडमनी पेन उचललं आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.